जीवाणूच्या पोटातला टर्मिनस

लोणावळ्याजवळ मावळ तालुक्यात औंढे नावाचे गाव आहे. मावळ म्हटले की धो धो पाऊस आणि भाताची खाचरे! भाताची कापणी झाली, झोडणी झाली, की मागे उरतो पेंढा. गुरांना तो वर्षभर पुरवायचा असतो, म्हणून तो नीट रचून ठेवतात. या पेंढ्यात आणि खाचरातल्या मातीत एक चिमुकला जीव राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण असतो मात्र हमखास. त्याचे नाव बॅसिलस सबटिलिस. हा एक जीवाणू आहे.

त्याची भेट घ्यायची आहे? मग आई किंवा बाबांना सोबतीला घ्या. पेंढ्याच्या चार-सहा काड्या बारीक कापून पाण्यात दहा मिनिटे उकळा. पाणी गार झाले की एका जुन्या बरणीत ओता, वर सैलसर झाकण ठेवा आणि बरणी उबदार जागी ठेवून द्या. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होईल आणि वर पातळशी साय धरेल. ही साय म्हणजेच आपले जीवाणूमहाराज! (पाणी चाखायचे नाही बरं का. पाहून झाले की मोठ्यांना ते ओतून द्यायला सांगा आणि साबणाने हात धुवा.)

पण पाणी तर उकळले होते! मग जीवाणू जगले कसे? अडचणीच्या काळात हा जीवाणू स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतो, आणि हा बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. फर्डिनंड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली हे दाखवून दिले.

एकाचे दोन, दोनाचे चार

मूठभर जीवाणूंची एवढी साय झाली कशी? जीवाणू वाढतो तो दुभंगून. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. भरपूर अन्न आणि ऊब मिळाली, तर काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. आता पाटी-पेन्सिल घ्या. सकाळी आठ वाजता एक जीवाणू होता. दुपारी चार वाजता किती झाले? आठ तासांत २४ वेळा दुप्पट, म्हणजे १,६७,७७,२१६! अर्थात अन्न संपले की हा पसारा थांबतो, नाहीतर आपल्याला उभे राहायलासुद्धा जागा उरली नसती.

पण दुभंगण्यापूर्वी जीवाणूला एक मोठे काम उरकावे लागते. त्याच्याजवळ डीएनए नावाची एक लांबलचक साखळी असते. त्या जीवाणूने कसे जगायचे, काय खायचे, काय बनवायचे, हे सगळे तिच्यावर चार अक्षरांत लिहिलेले असते: ए, टी, जी आणि सी. साखळीचे दोन पदर असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. दोन पिल्लांना एकेक पुस्तक हवे, म्हणून दुभंगण्याआधी या पुस्तकाची नक्कल करावी लागते.

या कामाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला तो ई. कोलाय या जीवाणूवर. हा आपल्या आतड्यात राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. त्याच्या पुस्तकात अक्षरांच्या सुमारे ४६ लाख जोड्या आहेत. एका पानावर २,००० अक्षरे छापली, तर २,३०० पानांचा ग्रंथ होईल. आणि हा ग्रंथ मावतो कुठे, तर मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढ्या लांबीच्या जीवाणूत!

उलट्या दिशांच्या प्रदक्षिणा

या साखळीला टोके नसतात. ती बांगडीसारखी गोल असते. जॉन केर्न्स या शास्त्रज्ञाने १९६३ साली तिची छायाचित्रे मिळवली, तेव्हा नक्कल होत असलेली बांगडी जगाला दिसली.

नक्कल सुरू होते एका ठरलेल्या जागेपासून. तिथून प्रथिनांची बनलेली दोन यंत्रे निघतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. दोघांनी देवळाच्या दारातून उलट्या दिशांनी प्रदक्षिणा सुरू केली, तर ते कुठे भेटतील? देवळाच्या मागच्या बाजूला! तसेच हे. प्रत्येक यंत्र पदर उलगडत, समोरचे अक्षर जोडत, सेकंदाला सुमारे १,००० अक्षरे या वेगाने धावते. अर्धी बांगडी म्हणजे २३ लाख अक्षरे. भागाकार करून पाहा. जवळजवळ ४० मिनिटे लागतात.

हे झाले सगळे सुरळीत चालले तर. पण समजा, डाव्या यंत्राच्या वाटेत डीएनएला कुठे इजा झालेली आहे आणि ते तिथे अडकून पडले. उजवे यंत्र तर धावतच आहे. ते मागच्या बाजूला पोचेल आणि तसेच पुढे डावीकडच्या हद्दीत घुसेल. मग बिघडले कुठे? उलट, राहिलेले काम तेच पुरे करील, असे तुम्ही म्हणाल.

पण मित्रांनो, त्या साखळीवर दुसरीही वाहतूक चालू असते. साखळीवरचा मजकूर वाचून पेशीला निरोप देणारी यंत्रे तिच्यावरून फिरत असतात. ज्या मजकुराची फार वेळा गरज लागते, तो अशा दिशेने लिहिलेला असतो की वाचणारे आणि नक्कल करणारे यंत्र एकाच दिशेने जातील. परक्या हद्दीत शिरलेल्या यंत्राला मात्र वाचणारी यंत्रे समोरून भेटतात. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या! टक्कर झाली की काम थांबते, कधी डीएनएला इजाही होते.

म्हणजे यंत्राला कुठेतरी थांबवायला हवे. कोण थांबवणार?

घाटातली युक्ती

लोणावळ्याहून कर्जतकडे जाताना बोरघाट लागतो. आगगाडी या घाटातून १८६३ सालापासून धावते. काही ठिकाणी उतार इतका आहे, की ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर खाली येते. उतरताना एखादी गाडी सुटलीच तर? म्हणून घाटात ठिकठिकाणी बाजूला चढाचे फाटे काढलेले आहेत. सुटलेली गाडी त्या फाट्यावर जाते आणि चढावर तिचा जोर संपतो. याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. ही सोय आहे उतरणाऱ्या गाडीसाठी. चढणाऱ्या गाडीला तिच्याशी काही देणेघेणे नाही. लक्षात ठेवा, अडवायचे ते एकाच दिशेने!

ई. कोलायच्या बांगडीवर, मागच्या बाजूच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात, अशाच १० जागा आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिले ‘टर’. कशावरून माहीत आहे? टर्मिनसवरून! मुंबईचा लोकमान्य टिळक टर्मिनस तुम्हाला ठाऊक आहेच. टर्मिनस म्हणजे जिथे गाडीचा प्रवास संपतो ती जागा. प्रत्येक टर जागेवर ‘टस’ नावाचे एक प्रथिन घट्ट बसलेले असते. एका बाजूने यंत्र आले, तर ते टसला ढकलून देते आणि निघून जाते. दुसऱ्या बाजूने आले, तर टस त्याला अडवते.

या १० जागांपैकी पाच उजव्या यंत्राला अडवतात आणि पाच डाव्या यंत्राला. शिवाय त्यांची मांडणी अशी, की यंत्राला आधी मोकळ्या वाटेच्या जागा लागतात आणि मागची मधली बाजू ओलांडली की अडवणाऱ्या. पावसाळ्यात खाचराच्या पाण्याच्या वाटेत बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. मासा आत सहज शिरतो, पण बाहेर पडू शकत नाही. हुबेहूब तसेच! दोन्ही यंत्रे सापळ्यात शिरतात. जे आधी पोचते, ते दुसऱ्याची वाट पाहत थांबते. दोघांची गाठ पडली की नक्कल पुरी.

एका अक्षराची कडी

पण टसला कसे कळते, यंत्र कोणत्या बाजूने आले ते? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळले. जपानी शास्त्रज्ञांनी १९९६ साली टर जागेवर बसलेल्या टसची रचना शोधली. पुढे २००६ साली निकोलस डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत दाखवली. अडवणाऱ्या बाजूने यंत्र पदर उलगडत टसपाशी येते, तेव्हा टर जागेतले एक ‘सी’ अक्षर सुटे होते. ते उलटे फिरून थेट टसच्या अंगावरच्या एका खळग्यात जाऊन बसते. दाराची कडी कोयंड्यात पडावी तसे! झाले, टस जागचे हलत नाही. दुसऱ्या बाजूने आले तर ही कडी पडतच नाही.

२०१५ साली आणखी एक गोष्ट कळली. यंत्र फार वेगात आले, तर कडी पडायच्या आतच ते निसटते. एकाच दिशेला एकामागे एक पाच अडसर का, याचा उलगडा इथे होतो. एक चुकला तर पुढचा आहेच!

आता आपल्या पेंढ्यातल्या मित्राकडे परत येऊ. बॅसिलस सबटिलिसकडेही असाच सापळा आहे, पण त्याच्या प्रथिनाचे नाव आरटीपी. त्याची रचना १९९५ साली दीपक बस्तिया, स्टीफन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी उलगडली. टस आणि आरटीपी दिसायला अगदी वेगळी, एकमेकांची नातलगही नाहीत. दोन जीवाणूंनी एकाच अडचणीवर आपापली युक्ती शोधली.

आणखी एक नवल सांगतो. टस काढून टाकले, तरी ई. कोलाय मरत नाही, जवळजवळ नेहमीसारखाच वाढतो! मग हा खटाटोप कशासाठी? ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक उत्तर सुचवले. दोन यंत्रे जिथे भेटतात, तिथे कधी कधी नको असलेली नवी नक्कल सुरू होते. पेशीतली इतर प्रथिने ती आवरतात. त्यांच्यात बिघाड झाला, तर सापळा त्या नकलेला बाहेर पसरू देत नाही. कॅच सायडिंग तरी रोज कुठे लागते? म्हणून ती कोणी उखडून टाकत नाही.

औषधही हेच करते

नक्कल थांबवण्याची युक्ती माणसानेही वापरली आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या प्रथिनाला साखळीवरच जखडून टाकते. नक्कल अडते, साखळी तुटते आणि जीवाणू मरतो. सगळी औषधे मात्र अशी नसतात. लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाताना पिंपरी लागते. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिन बनवण्यासाठी. पेनिसिलिन डीएनएला हातही लावत नाही. ते जीवाणूची भिंत बांधू देत नाही.

पण जीवाणू काही कमी हुशार नाहीत. आठ तासांत पावणेदोन कोटी नकला करताना काही अक्षरे चुकतात. एखाद्या चुकीमुळे औषध नेमके जिथे पकडते ती जागाच बदलते आणि तो जीवाणू औषधाला दाद देत नाही. औषध विनाकारण घेतले, तर बाकीचे मरतात आणि हाच तेवढा मागे उरून वाढतो. म्हणून पालकांनाही सांगणे आहे: सर्दी-पडसे झाले की घरातली उरलेली गोळी मुलांना देऊ नका. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे ही औषधे उपयोगी पडत नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि सांगतील तितकेच दिवस घ्या.

जाता जाता एक कोडे

ई. कोलायला नक्कल पुरी करायला ४० मिनिटे लागतात. पण चांगले अन्न मिळाले तर तो दर २० मिनिटांनी दुभंगतो. हे कसे जमते? उत्तर लगेच पाहू नका. घरात सगळ्यांना विचारा, थोडे डोके खाजवा.

उत्तर: पहिली नक्कल पुरी व्हायच्या आतच तो दुसरी सुरू करतो! पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या पोटात पुढच्या पिढीचे पुस्तक अर्धे लिहून झालेले असते. म्हणजे मुलांच्या जन्माआधीच नातवंडांची तयारी!