ओसरीवरची उंबरखिंड

अल्लीपूरच्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी ओसरीवर उंबरखिंडीची लढाई होते. टेबलावर जुनी हिरवी चादर, तिच्याखाली दोन्ही बाजूंना उशा, मधली चिंचोळी घळ ही खिंड. मोगलांकडून माझे सासरे, मराठ्यांकडून त्यांचा नातू.

छोट्या सैनिकांनिशी लढाया खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्यावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. आम्हांला मात्र त्याची वाट दाखविली ती आजारपणाने. अर्धांगाच्या झटक्यातून सासरे वाचले. पण उजवा हात अडखळू लागला आणि बोलणे जवळजवळ थांबले. व्यायामाचे नाव काढले की ते भिंतीकडे तोंड करीत.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. मोगल सैन्य म्हणून मी मूठभर सरकी मांडली. त्यांच्या बोटांतून एकेक दाणा निसटत गेला, आणि त्यांनी हाताच्या फटकाऱ्याने सारी फौज जमिनीवर उधळली. मी केरसुणी आणायला वळले, तोच ते अस्पष्टपणे म्हणाले, “पोळ्याचा बैल आन.” तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मुठीत नीट मावतो, हे त्यांनी ओळखले होते. आता तोच खानाचा हत्ती आहे. सैनिकांसाठी सुताराकडून अंगठ्याएवढे ठोकळे आणले आणि मोगलांचे पिवळे, मराठ्यांचे भगवे रंगविले; हिरव्या चादरीवर दोन्ही उठून दिसतात.

प्रत्यक्ष लढाई २ फेब्रुवारी १६६१ ची. शाहिस्तेखानाने कारतलबखानाला पुण्याहून कोकणात धाडले होते. लोणावळ्याजवळून घाट उतरून त्याची फौज दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरली आणि शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला कोंडले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. तिच्या सल्ल्यावरून खान शरण आला आणि सामानसुमान मागे टाकून परतला. माहूर म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा उजळला. रेणुकेच्या दर्शनाला ते तरुणपणी अनेकदा गेलेले.

नियम आम्हीच केले. मोगलांचे चाळीस ठोकळे, मराठ्यांचे दहा. घळीत मोगलांचे दोनच ठोकळे शेजारी-शेजारी उभे राहू शकतात. फाशांऐवजी फोडलेले चार चिंचोके टाकायचे. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके शत्रूचे ठोकळे बाद. पाण्यावाचून दर पाळीला मोगलांचा एक ठोकळा आपोआप उठतो. निम्म्याहून अधिक फौज शिल्लक असताना खान शरण आला, तर अर्धा डाव त्याचा.

फिजिओथेरपिस्टने एकच सुचविले : प्रत्येक पाळीत पहिले दोन ठोकळे उजव्या हाताने उचलावेत, मग हवा तो हात. हा खेळ व्यायामाच्या जागी नाही, हेही त्यांनी बजावले. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटावरचे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण खेळामुळेच तो टळतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मला त्या आकड्यांहून सासऱ्यांचे खेकसणे मोलाचे वाटते. “अरे, त्याले आधी घळीत घुसू दे!” हे एवढे लांब वाक्य आम्ही चार महिन्यांनी ऐकले, तेही शत्रुपक्षाला सल्ला म्हणून.

घरी मांडणार असाल तर टेबल कोपराच्या उंचीचे असावे, पाय जमिनीला टेकावेत, उजेड बाजूने यावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. ज्यांची स्मृती ढळली आहे, त्यांच्यासमोर चिंचोके वा मणी ठेवू नयेत. ते तोंडात जाण्याची भीती असते. अशांना नियमांचा आग्रह नको, नुसती फौज मांडू द्यावी. चुकीची चाल दुरुस्त करण्याचा मोह नातवंडांपेक्षा आपल्यालाच अधिक होतो, हा माझा अनुभव.

सासरे कित्येक रविवार शरण जायला तयार नव्हते. शेवटचा ठोकळा पडेपर्यंत लढत आणि मग चहासुद्धा नाकारीत. गेल्या खेपेस तेवीस ठोकळे उरले असताना त्यांनी उजव्या हाताने बैल उचलला आणि सावकाश नातवापुढे ठेवला. अर्धा डाव त्यांच्या नावे लिहिला गेला. येत्या रविवारी खान नातू होणार आहे. रायबागन आबाजींनी स्वतःकडे मागून घेतली आहे.