विजेवर चालणारे गळाचे रीळ व त्याचा विद्युत् घट

खोल समुद्रातून गळाची दोरी वर घेण्यासाठी लहान होड्यांवर विजेचे रीळ वापरतात. त्याचे चलित्र बहुधा १२ व्होल्ट दाबावर चालते. त्यास केवढा घट लागेल, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः तेवढाच प्रश्न पुरेसा नाही.

समजा, १०० न्यूटन ओढ असलेली दोरी सेकंदास १ मीटर वेगाने गुंडाळावयाची आहे. याकरिता १०० वॅट शक्ती लागेल. रिळाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास घटातून २०० वॅट, म्हणजे सुमारे १७ अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. ३०० मीटर दोरी ५ मिनिटांत वर येऊन १.४ अँपिअर-तास खर्ची पडतील; २० खेपांस २८. शिसे-आम्ल घट निम्म्याहून अधिक रिता करणे त्याच्या आयुष्यास घातक असते. शिवाय मोठ्या प्रवाहास त्याची क्षमता घटते. म्हणून ७५ अँपिअर-तासांचा घट योग्य ठरेल.

खरी अडचण तारेत असते. मासा ओढू लागला की चलित्राची गती मंदावते, त्यातील विरोधी विद्युत् चालक प्रेरणा कमी होते व प्रवाह वाढतो. तो ३० अँपिअर झाल्यास, जाऊन-येऊन १२ मीटर लांबीच्या व ४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत सुमारे १.५ व्होल्ट दाब खर्च होतो. १६ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत ०.४ व्होल्टच. भरलेल्या घटावरही रीळ ऐन वेळी थांबते, त्याचे एक कारण हे होय.

एंजिन सुरू करणाऱ्या घटावरच रीळ जोडणे मात्र धोक्याचे. तो रिता झाल्यास मासा हाती येईल, पण होडीस किनारा गाठता येणार नाही. म्हणून रिळास स्वतंत्र घट द्यावा व त्याच्या धन अग्राजवळच वितळतार बसवावी.