नकार नेमका कशाला?

गेल्या पावसाळ्यात हैदराबादला भाचीकडे गेले होते. ती तिथल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आणि तारनाक्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. देगलूरहून सकाळची बस धरली, संगारेड्डीच्या पुढे रहदारीत अडकत दुपारी पोहोचले. पिशवीत ताईने दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ. पोरीने दार उघडलं तर डोळे सुजलेले. मला वाटलं, ताप असेल.

"मावशी, पेपर परत आला," ती म्हणाली.

मला आपलं परीक्षेचा पेपर वाटला. मग तिने समजावून सांगितलं. दोन वर्षं राबून लिहिलेला शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाला पाठवला होता. चार महिने वाट पाहिली आणि सहा ओळींचं उत्तर आलं: छापता येणार नाही, क्षमस्व. हा तिसरा नकार. फेलोशिप मार्चमध्ये संपणार. इकडे ताईचं तिसऱ्या दिवशी फोनवर एकच, "स्थळ चांगलं आहे गं, किती शिकायचं आता?" पोरीने तिसरा नकार आईला तर सांगितला नव्हताच, गाईडलाही आठ दिवस कळू दिला नव्हता.

मी मग सगळे म्हणतात तेच म्हणाले, "जाऊ दे, त्यांनाच काही कळत नाही."

ती उसळलीच. "मावशी, त्यांना कळतं. त्यांना कळतं म्हणूनच रडतेय ना मी!"

वाचकहो, आपल्या घरांतून आता मुलंमुली संशोधनात जाऊ लागली आहेत. परीक्षेतला पास-नापास आपल्याला कळतो. हा नवा नकार मात्र आपल्याला कळत नाही, आणि जो कळत नाही त्यावर सांत्वन करायला गेलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पाय मोकळे करायला निघालो. उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूला राष्ट्रीय पोषण संस्थेचं फाटक लागतं. तिथे मला एक गोष्ट आठवली. ही संस्था मूळची हैदराबादची नव्हे. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत तिची सुरुवात झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून एक मराठी बाई काम करून गेली. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची बहीण. भाचीला दुर्गाबाई ठाऊक होत्या, कमलाबाई नव्हत्या. पोषणाचाच अभ्यास करणारी मुलगी! असो.

कमलाबाईंचं एक वर्ष

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, गुणवत्तायादीत पहिली. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले, म्हणून तिनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. वडिलांनी-काकांनी विनंती करूनही उपयोग झाला नाही. मग ती स्वतः बंगलोरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहून तिने कारण विचारलं. प्रवेश मिळेपर्यंत तुमच्या दारात सत्याग्रह करीन, असंही बजावलं.

शेवटी रामन यांनी अटी घातल्या. पहिलं वर्ष परीक्षेचं. काम पसंत पडलं तरच ते मान्य होईल. आणि तिच्यामुळे मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वाचतानाही अंगाचा संताप होतो. तिने अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं समाधान झालं होतं, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

ही गोष्ट बहुधा जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. "नाही" हा शब्द ऐकून ती परत फिरली नाही आणि नुसती रागावूनही बसली नाही. तिने "का नाही?" हे समोरासमोर विचारलं. मोघम नकाराचं एका वर्षाच्या मुदतीत रूपांतर झालं ते त्या प्रश्नामुळे. मुदत असली की माणसाला काम करता येतं. आणि हेही सांगायला हवं, की तो अपमान ती विसरली नाही. उतारवयात जाहीर भाषणातही तिने तो बोलून दाखवला. नकार पचवणं म्हणजे तो गोड मानून घेणं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

पुढे १९३७ मध्ये ती केंब्रिजला गेली. वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' असतं हे तिने बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, अवघ्या चौदा महिन्यांत. प्रबंध चाळीस पानांचा! भाची इथे पहिल्यांदा हसली. तिचा आताच दोनशेच्या वर गेला होता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी नीरेवर संशोधन केलं, राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळवलं. तिथलं संचालकपद मात्र त्यांना उशिराच मिळालं.

तीन पत्रं, तीन अर्थ

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, "ती तिन्ही पत्रं काढ. मला मराठीत सांग." तिने कुरकुरत काढली.

आधी ही पद्धत सांगते, कारण पालकांना ती ठाऊक नसते. शोधनिबंध आला की संपादक आधी स्वतः चाळतो. कित्येक निबंध तिथूनच परत जातात. जे टिकतात ते त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातात. त्यांना बहुधा मोबदला नसतो, आणि नावंही सहसा कळत नाहीत. ते आक्षेप लिहितात. मग कधी साफ नकार येतो, तर कधी "मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा" असं उत्तर येतं. या दुसऱ्या उत्तरालाच नकार समजून कागद कपाटात टाकणारी मुलं आहेत. खरं तर ते अर्धं उघडलेलं दार असतं.

भाचीचं पहिलं पत्र संपादकाचंच होतं: विषय आमच्या नियतकालिकात बसत नाही. तिच्या कामाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. १९३७ मध्येच, कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या त्या साली, शेफील्डच्या हान्स क्रेब्ज यांना असंच पत्र आलं होतं. शरीर अन्नातून ऊर्जा कशी काढतं, त्या चक्राचा शोध त्यांनी 'नेचर'ला पाठवला होता. संपादकांनी कळवलं, सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर आमच्याकडे पडून आहे. क्रेब्ज यांनी निबंध हॉलंडच्या एका नियतकालिकाला दिला आणि तो काही महिन्यांत छापून आला. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते त्याच कामाबद्दल. नोबेलचं सोडा. जागा नाही म्हणून आलेल्या नकारावर उपाय एकच, दुसरी जागा शोधणं, आणि तो त्यांनी लगेच केला.

दुसरं आणि तिसरं पत्र वेगळं होतं. तिचं काम ज्वारीच्या वाणांतल्या लोहावर आहे. दोन वेगवेगळ्या नियतकालिकांच्या परीक्षकांनी एकच हरकत घेतली होती: नमुने एकाच हंगामातले आहेत, त्यावरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढता?

"दोन अनोळखी माणसं तेच म्हणताहेत," मी म्हटलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला ते ठाऊक होतं गं. चालून जाईल असं वाटलं."

म्हणजे तीन नकार एकसारखे नव्हतेच. एक पत्त्याचा होता, दोन कामातल्या एकाच उणिवेचे. तिच्या अकलेबद्दल एकाही पत्रात काही नव्हतं. ते रात्री अंधारात तिने स्वतःच वाचलं होतं.

त्याच संध्याकाळी तिने गाईडला फोन केला. बोलणी बसतील अशी भीती होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. निबंधाचा दावा लहान कर, एका हंगामातून जेवढं दिसतं तेवढंच म्हण आणि छोट्या नियतकालिकाला दे. दुसऱ्या हंगामाचे नमुने घेऊन मोठा निबंध नंतर लिही. आक्षेप आले की प्रत्येकाखाली उत्तर लिहायचं, पटला तर काय बदललं ते, नाही पटला तर का नाही ते, आणि तेही राग ओसरल्यावर, दोन दिवसांनी.

नकारांची यादी ठेवण्याची एक पद्धतही आता रूढ होते आहे. मेलनी स्टीफन या संशोधिकेने २०१० मध्ये 'नेचर'मध्ये ती सुचवली. २०१६ मध्ये प्रिन्स्टनच्या योहानेस हाउसहोफर या प्राध्यापकाने आपल्या न मिळालेल्या जागांची, शिष्यवृत्त्यांची, परत आलेल्या निबंधांची यादीच जाहीर केली. यादीतली शेवटची नोंद अशी की, माझ्या साऱ्या संशोधनापेक्षा या यादीलाच लोकांनी जास्त भाव दिला! भाचीनेही एक वही घातली आहे.

आपल्या देवळालीचे दत्तात्रेय कापरेकर आठवतात. शाळामास्तर, पदव्युत्तर पदवी नाही, म्हणून कित्येक गणितज्ञ त्यांना हसत. ते स्वतःच्या खर्चाने परिषदांना जात, पुस्तिका छापत. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. ३५२४ घ्या. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच केलं की ८३५२, पुन्हा केलं की ६१७४. मग कितीही करा, ६१७४च! मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला मास्तर कळले. तोवर त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वजाबाक्या मात्र त्यांनी कधी थांबवल्या नव्हत्या.

आईवडिलांना एकच सांगणं. "कधी संपणार?" हा प्रश्न फोनवर विचारू नका, "सध्या कुठवर आलंय?" असं विचारा. आणि लेकराची झोप, जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलं दिसलं तर वाट पाहू नका. संस्थांमध्ये समुपदेशक असतात. सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

देगलूरला परतल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मला का नाही सांगितलं म्हणून. मग म्हणाली, "ज्वारी तर आपल्याच शेतात आहे की."

लहान दाव्याचा निबंध दिवाळीनंतर गेला, उत्तर अजून आलेलं नाही. फेलोशिपला सहा महिने मुदतवाढ मागितली आहे, तीही अजून मंजूर नाही. दुसऱ्या हंगामासाठी ती देगलूर तालुक्यातल्या पाच गावांतून नमुने घेणार आहे. परवा फोन आला होता, "मावशी, आईला सांग, काढणी झाली की सगळी कणसं खळ्यावर टाकू नकोस म्हणावं. प्रत्येक वाणाची पाच-पाच कणसं कापडी पिशवीत वेगळी ठेव, आणि पिशवीवर तारीख टाक."

ताईने जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून ठेवल्या आहेत.