मोहरी फेसताना

मे महिन्यात सगळी भावंडं आजोळी जमतात तेव्हा लाल भोपळ्याचं भरीत माझ्याकडे असतं. भोपळा वाफवून कुस्करायचा, त्यात घट्ट दही, मीठ, किंचित साखर, कोथिंबीर. थालीपीठ मोडायचं आणि आपापल्या वाटीतल्या भरितात बुडवून खायचं. पण भरिताचा जीव आहे तो फेसलेल्या मोहरीत. ती नसेल तर नुसता गोडसर लगदा.

यंदा वीस पानं होती. दोन मोठे चमचे मोहरी खलात बारीक कुटली आणि नाक अगदी जवळ नेलं. वास जवळजवळ नाहीच, धुळीसारखा कोरडा. मग गार पाण्याचे थेंब टाकत घोटायला लागले. काळपट पिवळी पूड हळूहळू पांढुरकी झाली, फुगायला लागली, कडेला बारीक फेस दिसू लागला. अन् एकाएकी नाकातून थेट टाळूपर्यंत असा झणका गेला की डोळे गच्च मिटले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कणीक मळणारी मामी तिथूनच म्हणाली, "चढली गं मोहरी!"

हा झणका दोन मिनिटांपूर्वी कुठे होता? मोहरीच्या दाण्यात होता, असंच कुणीही म्हणेल. पण तो तिथे नव्हता! अख्ख्या दाण्यात तिखटपणा नसतोच. तो खलात, आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येतो.

दाण्यात असतात त्या दोन वस्तू, एकमेकींपासून अलग ठेवलेल्या. एक सिनिग्रिन, साखरेच्या रेणूला बांधलेलं, गंधहीन. दुसरी मायरोसिनेज नावाचं एन्झाइम, वेगळ्या पेशींमध्ये साठवलेलं. दाणा फुटला की मधल्या भिंती मोडतात, आणि पाणी मिळालं की एन्झाइम कामाला लागतं. ते सिनिग्रिनमधली साखर तोडून बाजूला करतं. उरलेला तुकडा आपला आपणच नवं रूप घेतो: अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट. आपला झणका तो हाच. कोरड्या पुडीला वास का नव्हता याचं उत्तर त्या पाण्याच्या थेंबांत आहे. ब्युसी या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1840 साली मोहरीतलं हे एन्झाइम वेगळं काढलं. पाट्यावर मोहरी फेसणाऱ्या बायकांच्या हातांना मात्र हे पाण्याचं गणित ठाऊक होतंच.

झाडाने एवढा खटाटोप आपल्या भरितासाठी केलेला नाही. पान किंवा बी किड्याने चावलं की त्याच क्षणी, त्याच जागी हे तिखट तयार व्हावं, आणि एरवी झाडाला स्वतःला त्याचा त्रास होऊ नये, म्हणून ही वेगळी कोठारं. मुळा, कोबी ही सगळी याच कुळातली, कच्च्या मुळ्याचा चटकाही याच रीतीने येतो. आणि मला सगळ्यात थक्क करतो तो कोबीवरचा मावा. हा इवलासा कीटक कोबीतलं सिनिग्रिन शोषून अंगात साठवतो आणि एन्झाइम स्वतःचं बनवतो, तेही वेगळ्या जागी. ढालकिड्याने त्याला चावलं की माव्याच्या चिरडल्या अंगात मोहरी फेसली जाते! झाडाचं हत्यार झाडावरच्या किड्याने उचललं आहे.

फोडणीतली मोहरी नाकात जात नाही, ती का? तापल्या तेलात एन्झाइम आधीच निकामी होतं. दाणा तडतडतो, खमंग होतो, पण झणका कायमचा हुकतो. म्हणून मोहरी फेसायला गरम पाणी कधीही घेऊ नये. दह्याचंही असंच आहे. आंबटपणाने एन्झाइमचं काम मंदावतं, म्हणून मोहरी आधी नुसत्या पाण्यात फेसून दहाएक मिनिटं झाकून ठेवायची, मगच दह्यात कालवायची. त्याच आंबटपणामुळे तयार झालेला झणका पुढे बराच वेळ टिकून राहतो.

मिरचीचा जाळ जिभेवर रेंगाळतो, मोहरीचा नाकात चढतो आणि पाहता पाहता ओसरतो. मिरचीतलं कॅप्सेसिन उडून जाणारं नाही, मोहरीचं द्रव्य मात्र हवेत झटकन मिसळतं. दोघांना ओळखणारी दारंही वेगळी. मोहरीचं द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीए१ या ग्राहकाला जागं करतं, हे 2004 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाने दाखवलं. मिरचीचा ग्राहक याच प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला होता. ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. जपानी वसाबीचा झणकाही मुख्यतः याच द्रव्याचा.

भरितासाठी आपली बारीक, गडद मोहरीच घ्यावी. पिवळ्या मोहरीतलं द्रव्य निराळं आहे, ते फारसं उडत नाही. जीभ चुरचुरते, नाकापर्यंत काही पोचत नाही.

पुढच्या वेळी घरात माणसं जमतील आणि मोहरी फेसायला घ्याल, तेव्हा पोरांना जवळ बोलवा. आधी कोरडी पूड हुंगायला द्या. मग पाण्याचे थेंब त्यांनाच टाकू द्या, आणि या खेपेला खल नाकापासून जरा लांब धरा.