चांदमारीपलीकडचा सराव

बिरवाडी हे काळ नदीच्या काठचे बाजाराचे गाव. महाड एमआयडीसीतले रासायनिक कारखाने गावाला लागून आहेत, पुढे वरंध घाटाचा रस्ता भोरकडे चढतो, आणि पश्चिमेला मुंबई-गोवा महामार्ग रात्रंदिवस वाहतो. अशा ठिकाणी पोलिसाच्या हातून एखादी गोळी सुटली आणि नेम चुकला, तर ती कुठे जाईल? पत्र्याच्या शेडमधून आरपार जाईल, रसायनाच्या टँकरला भोक पाडेल, की आठवड्याच्या बाजारातल्या एखाद्या माणसाला लागेल?

एसएलआर या आपल्या पोलिसांच्या परिचित रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने नळीतून बाहेर पडते. लक्ष्य हुकले तरी पुढे कितीतरी शे मीटर ती माणूस मारू शकते. चांदमारीच्या मैदानात लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो, म्हणून तिथे चुकलेल्या गोळीचा हिशोब मातीत संपतो. बाजाराला असा बांध नसतो. पोलिसांच्या शस्त्रप्रशिक्षणाचा सगळा प्रश्न मला या फरकात दिसतो.

आपल्याकडे ठाण्यातल्या पोलिसाचा गोळीबार सराव म्हणजे बहुधा वर्षाकाठी होणारी चांदमारी. दिवसाउजेडी, ओळीत झोपून किंवा उभे राहून, हुकमावर, स्थिर कागदी लक्ष्यावर ठरलेल्या गोळ्या मारायच्या, गुण मांडायचे, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या. शस्त्र हाताळण्याची शिस्त यातून लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण प्रत्यक्षात बंदूक वापरायची वेळ येते ती अंधारात, धावताना, दम लागलेला असताना, समोरचा नेमका कोण हे कळत नसताना. त्या वेळी नजर आकसते, आवाज ऐकू येईनासे होतात, बोटांची बारीक हालचाल साधत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास रँड या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात, समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी जेमतेम १८ टक्के लक्ष्यावर लागल्या होत्या. समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांवर थांबले. म्हणजे खऱ्या चकमकीत शंभर गोळ्यांतल्या ऐंशीहून अधिक दुसरीकडेच गेल्या, आणि त्याही जगातल्या एका श्रीमंत शहराच्या पोलिसांच्या.

अमेरिकेतलाच एक निकाल इथे सांगण्यासारखा आहे. न्यू जर्सीतल्या मार्गेट शहरात एक पोलीस संशयिताचा पाठलाग करत होता. त्याची गोळी घराबाहेर आलेल्या एका निरपराध रहिवाशाला लागून तो मेला. १९७९ च्या पोपोव खटल्यात न्यायालयाने शहराच्या प्रशिक्षणाकडे बोट दाखवले. तो पोलीस दर सहा महिन्यांनी नेमबाजी करत होता, तरी हलत्या लक्ष्यावर, रात्री आणि वस्तीत गोळी कशी चालवावी, किंवा चालवूच नये, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. म्हणजे सराव नियमित होता आणि तरीही अपुरा होता. गेल्या वर्षी चांदमारी झाली, असे आपण समाधानाने म्हणतो तेव्हा हा निकाल आठवावा.

महाराष्ट्राला ही गोष्ट कळली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर आपले पोलीस थ्री नॉट थ्री रायफली, रिव्हॉल्व्हर आणि काठ्या घेऊन उभे होते. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी त्यांच्यापैकी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की पलीकडे त्यांचा मुलूख लागतो. त्यांच्या शौर्याला अशोकचक्र मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण त्या शौर्याची वेळ का आली, हे विचारण्याचे धाडस राज्याने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने केले. शहराच्या शीघ्र कृती दलालाही हल्ल्याआधी वर्षभराहून अधिक काळ गोळ्यांअभावी गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता, हे तिच्या अहवालातून पुढे आले. ज्यांचे कामच पहिल्या मिनिटात पोहोचण्याचे, त्यांनाच काडतुसे पुरत नव्हती. माझ्या मते त्या अहवालातली सर्वांत लाजिरवाणी बाब हीच.

त्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक उभे राहिले. नवी शस्त्रे आली. गडचिरोलीत १९९० पासून काम करणाऱ्या सी-६० पथकाने जंगलातल्या लढाईचा स्वतःचा वेगळा अनुभव कमावला होताच. पण ही सगळी विशेष पथके आहेत. मुंबईहून बिरवाडीला यायला चार तास लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर जे काही घडायचे ते महाड शहर, महाड तालुका, एमआयडीसी किंवा पोलादपूर ठाण्यातल्या चार-सहा अंमलदारांच्या हातांत असते.

रायगड जिल्ह्यात शस्त्रांचा काय संबंध, असे कोणाला वाटत असेल तर त्याने १९९३ आठवावे. त्या वर्षी जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. म्हसळ्याकडच्या संदेरी आणि बोरघाट परिसरात आरोपींना शस्त्रे व बॉम्ब हाताळण्याचे शिक्षण दिले गेले, हे खटल्यात सिद्ध झाले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. जानेवारीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांच्या हाती लागला होता आणि पैसे घेऊन सोडला गेला. तिथे कोणाचा नेम चुकला नव्हता, नियत चुकली होती. जगातले सर्वोत्तम शस्त्रप्रशिक्षण अशा माणसापुढे निरुपयोगी असते, म्हणून प्रशिक्षणाकडून भलती अपेक्षा ठेवू नये. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ आणि काडतुसे सापडली. घातपाताचा डाव नव्हता, भरकटलेली बोट होती, असे निष्पन्न झाले. पण त्या दिवशी नाकाबंदीला उभे राहिले ते साधे ठाण्यातले पोलीसच.

मग या पोलिसांना शिकवायचे कोणी? खरी अडचण इथे आहे. नाशिकच्या अकादमीत अधिकारी घडतात, खंडाळा, दौंड, जालना अशा प्रशिक्षण केंद्रांतून शिपाई. सीमा सुरक्षा दलाची इंदूरला शस्त्रे आणि डावपेच शिकवणारी मध्यवर्ती शाळा आहे, तिथे राज्यांचे पोलीसही प्रशिक्षक होण्यासाठी जातात. पण असा माणूस शिकून परत आला की त्याला शिकवायला वेळ, मैदान आणि काडतुसे मिळाली पाहिजेत, आणि तो त्याच कामावर टिकला पाहिजे. चांगला प्रशिक्षक चांगला नेमबाज असतोच असे नाही. स्वप्नील कुसळे पॅरिसला कांस्यपदक जिंकतो, तेजस्विनी सावंत म्युनिकला जागतिक विजेती होते, ती श्वासापर्यंत सगळे स्थिर करण्याची साधना आहे. पोलीस प्रशिक्षकाला उलट शिकवावे लागते: काहीच स्थिर नसताना काय करायचे. आडोसा कसा घ्यायचा, अडकलेले काडतूस अंधारात चाचपून कसे काढायचे, जोडीदाराच्या नळीसमोर कसे यायचे नाही, गोळी लागलेल्याचा रक्तस्राव रुग्णवाहिका येईपर्यंत कसा रोखायचा. आणि निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवायचे. यातले बरेचसे एकही काडतूस न जाळता शिकता येते. रिकाम्या शस्त्राने केलेला कोरडा सराव फुकट असतो आणि रोज करता येतो, पण तो करून घेणारा माणूस ठाण्यात हवा.

सगळ्यांत अवघड धडा गोळी न चालवण्याचा. लक्ष्यपटावर कधी हातात पिस्तूल असलेला माणूस येतो, कधी मोबाइल धरलेला, कधी मूल कडेवर घेतलेली बाई. न मारायच्या चित्राला गोळी लागली की बाकीचे सगळे गुण शून्य, अशी परीक्षा असावी. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना येथे स्वीकारलेल्या तत्त्वांत शस्त्रप्रशिक्षणाबरोबर वाटाघाटी, जमावाचे मानसशास्त्र आणि बळाला पर्याय शिकवावेत असे म्हटले आहे. आपला कायदाही तेच सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, अटक करताना, ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला ठार मारण्याचा अधिकार पोलिसाला मिळत नाही. मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. उच्च न्यायालयाने विचारले की हाता-पायावर का नाही, डोक्यातच का? या प्रश्नावर प्रशिक्षकांत दोन पक्ष आहेत. अमेरिकी पद्धत शरीराच्या मध्यावर नेम धरायला शिकवते, कारण धावपळीत पाय सापडत नाही. जर्मन पोलिसी कायदे मात्र सर्वसाधारणपणे हल्ला करण्यास किंवा पळण्यास असमर्थ करणे हाच हेतू मान्य करतात. जमावावर गोळीबार करताना नेम खाली ठेवावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. मला वाटते, आधी चार माणसांनी एका नि:शस्त्र माणसाला आवरण्याचा, शस्त्र हिसकावू न देण्याचा सराव किती केला होता, हे विचारावे. तो सराव पक्का असेल तर गोळी कुठे मारायची हा प्रश्न क्वचितच येतो.

महाडला पोलिसांचा गोळीबार परका नाही. १० सप्टेंबर १९४२ ला महाड कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि माणसे हुतात्मा झाली. हुकूम ब्रिटिशांचा होता, बंदुका धरणारे हात आपलेच होते.

शस्त्र धरणाऱ्याच्या मनाकडेही पाहिले पाहिजे. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना ठार केले. त्याला बंदूक चालवता येत होती. ती त्याच्या हाती द्यावी का, हे रोज पारखणारी व्यवस्था मात्र नव्हती.

महाड-पोलादपूरच्या पोलिसाचे आयुष्य पाहिले तर बंदुकीचा प्रसंग त्याच्या वाट्याला कदाचित कधीच येणार नाही. २०१६ ला सावित्रीचा पूल वाहून गेला, २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत कोसळली, २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेले, तिन्ही वेळा तो चिखलात आणि ढिगाऱ्यात उभा होता. म्हणूनच त्याचा सराव मागे पडतो, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

रायगडच्या लोकप्रतिनिधींकडे माझे एवढेच मागणे आहे: जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांसाठी गाड्या आणि कॅमेरे मागता तशीच महाड उपविभागासाठी रात्रीच्या आणि निर्णयाच्या सरावाची सोय मागा, आणि टिकून राहणारा एक प्रशिक्षकही. वाचकांनीही त्यांना विचारावे, आमच्या ठाण्यातल्या अंमलदाराने अंधारात शेवटचा सराव कधी केला?