उनपदेवचे ऊन पाणी आणि रेडियम

एरंडोलहून धरणगाव, तिथून तापी ओलांडून चोपडा, पुढे अडावद. आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. गोमुखातून बारमाही ऊन पाणी पडते, शरभंग ऋषींची कथा सांगितली जाते, त्वचेचे विकार बरे होतील या आशेने माणसे अंघोळ करतात. अशा पाण्यात गंधक नाहीतर रेडियम असणारच, असे आपण धरून चालतो. पण पाणी गरम असणे वेगळे आणि किरणोत्सारी असणे वेगळे.

उनपदेवच्या खाली ज्वालामुखी धुमसत नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. तापीच्या खोऱ्यात खडक खोलवर तडकलेला आहे. त्या भेगांतून पावसाचे पाणी खाली मुरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापते आणि वाट मिळेल तिथे वर येते. गंमत अशी, की जमिनीच्या पोटातल्या या उष्णतेचा मोठा वाटा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातूनच येतो. म्हणजे ऊब अणूंची, पाणी मात्र साधेही असू शकते.

पाण्यात काय उतरेल ते रसायनशास्त्र ठरवते. युरेनियम प्राणवायू असलेल्या पाण्यात कार्बोनेटशी जोडी जमवून विरघळते. प्राणवायू संपला की खडकालाच चिकटून बसते. त्याच्यापासून होणारे रेडियम कॅल्शियम-बेरियमच्या कुळातले. खाऱ्या पाण्यात ते टिकते, पण सल्फेट भरपूर असले तर बेरियम सल्फेटच्या साक्यात अडकते. रेडियमपासून रेडॉन होतो, तो तर वायूच. खडकातून सुटून तो थेट पाण्यात शिरतो. त्यामुळे रेडॉन सापडला म्हणजे पाण्यात रेडियम विरघळले आहेच, असे नव्हे.

आणि मुळात आपला काळा बेसाल्ट या बाबतीत गरीब. त्यात युरेनियम दहा लाखांत एका भागाहूनही कमी; ग्रॅनाइटमध्ये तीन-चार भाग. ग्रॅनाइटी खडकांतून येणाऱ्या बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांत रेडॉनबरोबर हेलियमही फसफसतो. हा हेलियम म्हणजे खडकातल्या अणूंनी फेकलेले अल्फा कणच.

किरणोत्सारी पाण्याने बरे होण्याची आशा तिकडे युरोपातही विकली गेली. चेकियातल्या याखिमोव्हच्या खाणीतल्या युरेनियम-खनिजाच्या गाळातून क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे केले. १९०६ मध्ये त्याच गावात रेडॉन-स्नानाचा धंदा सुरू झाला. तिथल्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होई, हे मात्र जाहिरातीत कशाला येईल?

उनपदेवचे पाणी तपासायचेच, तर बाटली गोमुखाशीच काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, बूच घट्ट लावावे आणि वेळ लिहून ठेवावी. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. आठवडाभराने प्रयोगशाळेत पोचलेल्या बाटलीत जेमतेम चौथा हिस्सा उरतो.