ब्रेकचे पॅडल खाली बसणे : कारणमीमांसा, निदान व दुरुस्ती

बीजसंज्ञा : द्रवचालित ब्रेक, मास्टर सिलिंडर, अंतर्गत गळती, ब्रेक ऑइल

प्रस्तावना

सिग्नलपाशी मोटार उभी असताना ब्रेकवर ठेवलेला पाय हळूहळू खाली जाऊ लागतो. पाय उचलून पुन्हा दाबला की पॅडल पूर्ववत वर लागते. ब्रेक लागत असल्यामुळे या लक्षणाकडे बहुधा दुर्लक्ष होते आणि टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी योग्य दिसली की उरलेली शंकाही मिटते. वस्तुतः ऑइलची पातळी कायम असणे हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. या यंत्रणेतील सर्वांत फसवा दोष नेमका याच स्थितीत दडलेला असतो. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणे, निदानाचा क्रम आणि दुरुस्ती यांचे विवेचन करण्यात आले आहे.

द्रवचालित ब्रेकचे तत्त्व

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांच्या नियमानुसार बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना समान प्रमाणात संक्रमित होतो. उदाहरणार्थ, चालकाने पॅडलवर २०० न्यूटन बल लावले आणि पॅडलच्या तरफेचे गुणोत्तर ५ असले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १००० न्यूटन बल येते. दट्ट्याचा व्यास २० मि.मी. असल्यास द्रवात सुमारे ३.२ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास ३१ पट दाब निर्माण होतो. हाच दाब चाकाजवळील कॅलिपरच्या ५० मि.मी. व्यासाच्या दट्ट्यावर पडला की तेथे सुमारे ६२५० न्यूटन बल मिळते. (बूस्टरचे साहाय्य येथे हिशेबात धरलेले नाही.)

हा गुणाकार दोन अटींवर अवलंबून असतो : द्रव आकुंचन पावता कामा नये आणि तो कोंडलेला राहिला पाहिजे. पहिली अट मोडली, म्हणजे नळ्यांत हवा शिरली, तर पॅडल स्पंजासारखे मऊ लागते. दुसरी अट मोडली, म्हणजे द्रवाला वाट मिळाली, तर स्थिर दाबाखाली पॅडल सावकाश खाली जाते. लक्षणांतील हा भेद निदानाचा पाया होय.

निदानाचा क्रम

१. मोटार सपाट जागी, चाकांना अडथळे लावून उभी करावी. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपतो. नंतर पाय हलकेच दाबून सुमारे अर्धा मिनिट स्थिर ठेवावा. पॅडल सरकत राहिल्यास गळती आहे असे समजावे. पाय दाबलेला असताना इंजिन सुरू केल्यावर पॅडल किंचित खाली येऊन थांबणे मात्र स्वाभाविक आहे. तो बूस्टर कार्यरत असल्याचा संकेत होय.

२. टाकीतील पातळी घटली असल्यास बाह्य गळती शोधावी. कॅलिपर, ड्रममधील व्हील सिलिंडर, रबरी होज व धातूच्या नळ्या यांची तपासणी करावी. मास्टर सिलिंडर व बूस्टर यांच्या जोडावर विशेष लक्ष द्यावे. तेथून गळणारे ऑइल बूस्टरमध्ये जात असल्याने ते जमिनीवर दिसत नाही.

३. पातळी कायम असून सर्व भाग कोरडे असल्यास मास्टर सिलिंडरमधील रबरी सील संशयास्पद ठरते. झिजलेल्या सीलच्या कडेवरून ऑइल मागे निसटून टाकीकडे परतते. म्हणून पातळी घटत नाही. जोरदार दाबाखाली सीलची कड सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट बसते व गळती तात्पुरती थांबू शकते. परिणामी कार्यशाळेत पॅडल जोराने दाबून केलेली चाचणी निर्दोष ठरते आणि दोष तसाच राहतो. म्हणूनच हलक्या व स्थिर दाबाची चाचणी अनिवार्य आहे.

४. अंतिम खात्रीसाठी मास्टर सिलिंडरची निर्गम छिद्रे योग्य आट्यांच्या प्लगने बंद करावीत. तरीही पॅडल बसल्यास दोष मास्टर सिलिंडरमध्येच आहे. ते टणक राहिल्यास दोष पुढे, नळ्यांत, चाकांजवळ किंवा एबीएस युनिटच्या झडपांत शोधावा.

सील निकामी होण्याची कारणे

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. त्यामुळे सिलिंडर आतून गंजतो व खडबडीत पृष्ठभागावर सील झिजते. कोकणासारख्या दमट प्रदेशात ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. आर्द्रतेने ऑइलचा उत्कलनबिंदूही घटतो : डॉट-४ प्रकारासाठी कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस, तर आर्द्र स्थितीत किमान १५५ अंश अशी मर्यादा निश्चित केलेली आहे. बोरघाटासारख्या दीर्घ उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ऑइल उकळून वाफ तयार होते व पॅडल तळाला जाते. ब्रेक थंड झाल्यावर ही अवस्था ओसरते. सीलचा दोष मात्र थंड ब्रेकमध्येही आढळतो. टाकीत चुकून खनिज तेल पडल्यास रबर फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

दुरुस्ती

सिलिंडरचा अंतर्भाग गंजला असल्यास नुसते सील बदलणे व्यर्थ असते. संपूर्ण मास्टर सिलिंडर बदलावा. नवीन सिलिंडर बसविण्यापूर्वी त्यातील हवा काढावी, नंतर निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रमाने प्रत्येक चाकाची हवा काढावी. जुन्या सिलिंडरवर हवा काढताना पॅडल तळापर्यंत दाबणे टाळावे, कारण एरवी न वापरलेल्या गंजलेल्या भागावरून सील गेल्यास ते फाटू शकते. शेवटी पहिली चाचणी पुन्हा करावी. पॅडल स्थिर राहिल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणू नये.

निष्कर्ष

पॅडल पुन्हापुन्हा दाबून ब्रेक मिळविणे किंवा ऑइलची भर घालत राहणे हे उपाय नसून दोष झाकण्याचे मार्ग आहेत. बाह्य गळती डोळ्यांना दिसते. अंतर्गत गळतीची सूचना प्रथम चालकाच्या पायालाच मिळते. ती मिळताच मोटार उभी करून क्रमशः तपासणी करणे हाच सुरक्षित मार्ग होय.